सतराव्या मीटरखालची पांढरी जागा

मी मुळातली भित्री. पाल, कुत्रा, इंजेक्शन, दारावरची बेल, सगळ्याला घाबरते. घरी पाहुणे आले की माझ्या भित्रेपणाचे किस्से सांगून त्यांची करमणूक करायची आमच्याकडे पद्धतच होती. म्हणून मी कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा ताई म्हणाली होती, "बरं केलंस बाई, दगड चावत तरी नाहीत."

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही पेणच्या. तिला दिलं खांब गावाच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी असलेल्या एका वाडीत. एकतीस घरं, शाळेची एक खोली, एक मारुती. ताईच्या मागच्या दारात उभं राहिलं की समोर डोंगरच. आभाळ बघायचं तर पुढच्या अंगणात यावं लागतं. लग्न होऊन गेली तेव्हा ती माझ्यासारखंच बोलायची. आता तिच्या 'नाही'चं कधीच 'नाय' झालंय, आणि मला हाक मारते तीही "काय गो" अशी.

त्या डोंगरावर, बाया लाकडं आणायला जातात त्या वाटेवर, एका पावसाळ्यात भेग दिसली. हात आत जाईल एवढी. आमच्या जिल्ह्यात डोंगर खाली येतो म्हणजे काय होतं ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वाडीनं अर्ज केले, माणसं येऊन फोटो काढून गेली, आणि शेवटी ठरलं की डोंगराला बोअर मारून तो आतून तपासायचा. धड असेल तर वाडी राहील तिथंच. धड नसेल तर पुढच्या पावसाआधी सगळी घरं उठवून रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवायची. ते काम आमच्या कंपनीकडे आलं, आणि कंपनीत रिपोर्ट लिहिणारी मी एकटीच.

कंपनी म्हणजे तरी काय, रोह्याला साहेबांचं दोन खोल्यांचं ऑफिस, एक बोअरचं मशीन, त्यावरची माणसं, पेणला एक गोदाम आणि त्याच्या माळ्यावर मी नि माझा संगणक. मी साहेबांना सांगितलं, "सर, त्या वाडीत माझी सख्खी बहीण राहते. हे दुसऱ्या कुणाला तरी द्या." ते म्हणाले, "दुसरं आहे कोण? आणि उलट चांगलंच की. मनापासून कराल." मनापासूनच केलं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. दोन महिने दुसरं काही सुचलं नाही.

बोअर मारायचं म्हणजे डोंगराला मनगटाएवढं भोक पाडत खाली जायचं आणि आतल्या दगडाची कांडी वर काढायची. तिला कोअर म्हणतात. उसाच्या कांड्या ठेवाव्यात तसे ते तुकडे लांबट लाकडी पेटीत ओळीनं लावतात आणि कुठला तुकडा किती खोलीवरचा ते कडेला लिहितात. एखाद्या खोलीला कांडी निघालीच नाही, चुरा होऊन पाण्याबरोबर वाहून गेली, तर पेटीत तेवढी जागा मोकळी सोडून तिथं लाकडाचा ठोकळा ठेवायचा. म्हणजे बघणाऱ्याला कळतं की इथलं काही हाती लागलेलं नाही.

मग त्याच भोकात कॅमेरा सोडतात. तो उतरता उतरता भोवतालच्या भिंतीचे फोटो घेत जातो. बाटलीवरचं लेबल सोलून टेबलावर पसरावं तशी ती गोल भिंत संगणकावर लांब सपाट पट्टी होऊन येते. त्या पट्टीत दगडाचे थर दिसतात, भेगा दिसतात, भेग कुठल्या बाजूला उतरते तेही दिसतं. बोअर एकूण चार होते. तिसरा ताईच्या घरामागे, जरा वर चढून. चारही बोअरच्या पट्ट्या आल्या आणि बघते तर जागोजाग पांढरे डाग. कुठे पाणी गढूळ, कुठे कॅमेरा हलला, कुठे भिंतीला चिखल चिकटलेला. जिथलं चित्र आलं नाही तिथं संगणक पांढरं सोडतो.

आता यात माझी करामत सुरू होते. त्याआधीचा सगळा हिवाळा मी एक डीप लर्निंगचं मॉडेल शिकवण्यात घालवला होता. शिकवायचं म्हणजे असं: आधीच्या कामांतल्या चांगल्या, पूर्ण आलेल्या पट्ट्या घ्यायच्या, त्यांचे तुकडे झाकायचे आणि त्याला म्हणायचं, ओळख, खाली काय असेल. चुकलं की चुकलं म्हणून सांगायचं. हे हजारो वेळा. हळूहळू ते शिकलं. भेग वरून तिरकी येत असेल तर पांढऱ्या जागेतून बरोब्बर त्याच तिरकेपणानं पुढे न्यायचं. दगडाचा पोत असा भरायचं की जोड कुठे आहे ते मलाही सापडेना. लोकांना पोराबाळांचं कौतुक असतं, मला या मॉडेलचं. गोदामात पेट्या लावणाऱ्या काकांना मी बोलावून बोलावून दाखवायची. काका पेणच्या खाडीकडच्या गावातले, उमेदीची सगळी वर्षं मिठागरात गेली, मग आमच्याकडे आले. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे हमरापूरला गनपतीच्या मूर्तीला चीर गेली की भरून घेतात, वर रंग दिला की कलत नाय, तसंच ना?" मी म्हटलं, "अगदी तसंच काका." आणि मला त्याचा अभिमान वाटला, काय सांगू!

तिसऱ्या बोअरच्या पट्टीत सतराव्या मीटरखाली दोन हात लांबीचा पांढरा डाग होता. मॉडेलनं तो काळ्या दगडानं भरला. वरही काळा कातळ, खालीही काळा कातळ, मधे तसाच काळा कातळ. मी खाली जाऊन कोअरची पेटी उघडून बघितली. तिथंही तुकड्याला तुकडा लागून, मोकळी जागा नाही, ठोकळा नाही. म्हणजे चित्र म्हणतंय तेच पेटी म्हणतेय. आणखी काय पाहिजे? मी रिपोर्ट लिहिला. डोंगर आतून सलग आहे, वरची भेग वरवरची आहे, पाण्याला वाट काढून द्यावी, वाडी हलवण्याची गरज दिसत नाही. खाली सही केली.

ताईला फोन केला तर तिकडून नुसता कल्ला. "डोंगर पास झाला गो! आमचा डोंगर पास झाला!" असं ती अख्ख्या आळीला ओरडून सांगत होती. तिच्या पुतणीचं लग्न मे महिन्यात होतं आणि ते दारात होणार की शेडमध्ये, यावर घरात दोन महिने तोंडं सुजली होती. ताई म्हणाली, "आता हळदीला यायचं. आली नायस तर बघ." साहेबांनीही मला रोह्याहून पेढे पाठवले.

हळदीला मी गेले ती जरा मिरवतच गेले, खोटं कशाला बोलू. वाडीत शिरल्यापासून जो तो, "आल्या गो, डोंगर पास करणाऱ्या बाय आल्या." ताईच्या चुलत सासऱ्यांनी, वाडीतले सगळ्यांत वडीलधारे ते, माझ्यासाठी खुर्ची मागवली. मांडवात डीजे लावणाऱ्याशी कुणीतरी भांडत होतं, हळदीचा वास, मटणाचा वास. ताई तुळशीजवळ उभी राहून बायांना कामं सांगत होती. तुळशीचं वृंदावन नुकतंच गेरूनं रंगवलेलं, त्यावर पांढरी वेलबुट्टी. ओटाही तसाच. शेजारच्या घराचा ओटाही. त्याच्या शेजारच्याचाही. अख्खी ओळ तांबडी.

मी आपलं बोलायचं म्हणून म्हटलं, "ताई, रंग काय सुरेख आलाय गं. कोलाडच्या बाजारातला का?"

"बाजारातला कशाला?" ताई म्हणाली. "तुमच्याच मशिनीतला हाय. घरामागं बोअर मारीत होते ना, तेव्हा पाण्याबरोबर ही लाल माती आली ढीगभर. लोण्यासारखी मऊ. बायांनी बादल्या भरून नेली. लग्नाला व्हईल म्हणून मी तर दोन पिंपं भरून ठेवलीत."

माझ्या हातात सरबताचा ग्लास होता. तो सांडला नाही, एवढंच आठवतं. पोटात मात्र असा गोळा आला की मी तुळशीच्या कट्ट्याला धरून खाली बसले. ताईला वाटलं ऊन लागलं. तिनं कांदा आणायला माणूस पिटाळला.

लाल माती काय असते ते मला माहीत होतं. आमचा हा सगळा मुलूख लाव्ह्याच्या थरांचा. एक थर येऊन थंड झाला, त्यावर वर्षानुवर्षं माती धरली, मग दुसरा तापलेला थर वरून आला आणि त्यानं ती माती भाजून लाल केली. असा लाल पट्टा दोन कातळांच्या मधे दबून असतो. कोरडा असतो तोवर गप्प. पाणी मुरून त्याच्यापर्यंत पोचलं की तो साबणासारखा होतो, आणि वरचा कातळ सगळा त्या साबणावर उभा. ढीगभर लाल माती निघाली ती कुठल्यातरी खोलीवरूनच निघाली असणार, आणि माझ्या रिपोर्टात लाल माती हा शब्दच नव्हता.

तिथं बसल्या बसल्या मला आणखी एक गोष्ट कळली. पांढरा डाग तिथं का पडला? पाणी गढूळ होतं म्हणून. पाणी गढूळ का झालं? ती माती विरघळली म्हणून. म्हणजे जिथं जिथं लाल पट्टा असेल तिथं तिथं चित्र बिघडणारच. आणि मी मॉडेलला शिकवलं होतं ते फक्त चांगल्या, पूर्ण आलेल्या चित्रांवरून. त्या बिचाऱ्यानं लाल पट्टा जन्मात बघितला नव्हता. त्याला काळं सोडून दुसरं काही भरताच येत नव्हतं. ते खोटं बोललं नाही, त्याला जेवढं माहीत होतं तेवढं त्यानं भरलं. शिकवणारी मी होते.

हळद लागत होती. नवरीच्या तोंडाला, मग एकमेकींच्या तोंडाला. कुणीतरी माझ्याही गालाला फासली. मी हसले. मागं डोंगर उभा होता आणि मला मान वर करायची हिंमत होत नव्हती.

पण पेटी? पेटीत तर जागा मोकळी नव्हती. या एका आशेवर मी दुसऱ्या दिवशी पेणला गोदाम उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहिले. काका आले. आम्ही दोघांनी तिसऱ्या बोअरची पेटी खाली उतरवली. सतराव्या मीटरचा तुकडा उचलून बघितला, खालचा तुकडा उचलला, एकमेकांना लावून बघितले. कसले लागतात! एकाचं टोक गोल घासलेलं, दुसऱ्याचं सरळ तुटलेलं, आणि त्या टोकाला नखाएवढा लाल डाग. पहिल्या वेळी मी तुकडे उचललेच नव्हते, वरून नुसती नजर टाकली होती.

"काका, इथं जागा सुटली होती का हो? ठोकळा होता का?"

"व्हता मॅडम. खांबला पेटी भरली तवा व्हता. मी काढला."

"काढला? कशाला?"

"रस्ता बघितलाव ना तुमी हायवेचा? नागोठण्यापासून इथवर नुसते खड्डे. मागच्या टायमाला पेटीत मोकली जागा ठेवली तं अर्धे दगड आपटून फुटले, साहेब मलाच बोलले. म्हनून या वेलंला ठोकला काढला नि दगड सरकवून गच्च बसवले. शेवटाला जी जागा उरली तिकडं गोनपाट कोंबला. मीठ भरताना आमी गोन अशीच ठासून भरतो, पोकल ठेवली की वाटेत फुटते." मग माझं तोंड बघून त्यांचा आवाज बसला. "काय चुकलं काय मॅडम?"

काय सांगणार होते मी त्यांना? दगड फुटू नयेत म्हणून माणसानं जीव लावून पेटी भरली होती. नोंदवहीत बोअरवाल्यानं नुसतं 'पाणी गढूळ' लिहून ठेवलं होतं. काकांनी पेटीतली जागा बुजवली, माझ्या मॉडेलनं चित्रातली बुजवली, आणि दोन्ही बुजवलेल्या जागा एकमेकींशी तंतोतंत जुळल्या. मी त्यालाच पुरावा समजले. मी एवढंच म्हटलं, "तुमचं नाही चुकलं काका. माझं चुकलं." समोर आलेला चहाही त्यांनी प्यायला नाही.

तशीच एसटीनं रोह्याला गेले. साहेब वाईट माणूस नव्हेत, पण त्यांचं तोंड उतरलं ते बघवेना. "रिपोर्ट वरच्या टेबलावर जाऊन बसलाय हो," ते म्हणाले. "आता मागे घ्यायचा? बरं, तिथं लाल माती आहे हे तुम्ही बघितलंत?"

"नाही."

"किती जाड आहे, मोजलंत?"

"नाही. बघितलंच नाही तर मोजणार कशी?"

"परत बोअर मारू या म्हणाल, तर पाऊस दारात आलाय, मशीन वर चढणार नाही. मग नव्या रिपोर्टात लिहिणार काय तुम्ही?"

"माहीत नाही असं लिहीन, सर."

"माहीत नाही!" ते खुर्चीतून उठलेच. "अहो, 'माहीत नाही' असा रिपोर्ट आजवर कुणी दिलाय का? त्यासाठी आपल्याला नेमलंय का?"

मी रडायला लागले. कामाच्या ठिकाणी रडायचं नाही असं मी ठरवलेलं, पण त्या दिवशी नाही आवरलं. साहेबांनी पाणी दिलं, आणि शेवटी म्हणाले, "लिहा. मी आजच पाठवतो. पण वरून उत्तर यायला वेळ लागेल, हे धरून चाला." किती वेळ ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. वाडीला आधी मीच सांगायचं, हे मी रोह्याच्या स्टँडवर उभी असताना ठरवलं. डोंगराची भीती एक आणि त्या माणसांच्या तोंडासमोर उभं राहायची भीती दुसरी. कुठली मोठी होती ते सांगायची मला लाज वाटते.

मी वाडीत पोचले तेव्हा लग्न पार पडलं होतं. मांडव अजून उतरवला नव्हता, त्याखालीच माणसं जमली. मी उभी राहिले. एका दमात बोलून टाकलं. मी दिलेला रिपोर्ट चुकीचा आहे. डोंगर धड आहे असं मी सांगितलं, पण ते मला माहीत नव्हतं. पाऊस लागायच्या आत घरं सोडा.

आधी कुणीतरी हसलं. "म्हंजे डोंगर आता नापास?" मग हसू विरलं आणि आवाज चढले. एकजण म्हणाला, आमी काय तुमचं खेळणं हाय काय, आठवड्याला एक सांगता. एक बाई म्हणाली, माझी म्हैस कुठं नेऊ, तिला घेऊन जा तुमच्या पेणला. त्यांचं काही चुकत नव्हतं. ताई मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती, आणि तिच्या घरचे सगळे तिच्याकडे बघत होते, हिची बहीण म्हणून.

तेव्हा मी पिशवीतून दोन कागद काढले. तिसऱ्या बोअरची पट्टी, भरलेली आणि न भरलेली. ताईच्या चुलत सासऱ्यांच्या हातात दिले. त्यांनी आधी भरलेली बघितली. मग दुसरी. त्या पांढऱ्या जागेवर त्यांनी अंगठा ठेवला.

"इथं काय हाय बाय?"

"माहीत नाही, आजोबा. कॅमेऱ्याला दिसलं नाही. मशीननं आपल्या मनानं भरलं."

"नि ती लाल माती इथनंच आली?"

"बहुतेक इथूनच. तुमच्या ओट्यांवर आहे तीच."

त्यांनी सगळ्या ओट्यांच्या ओळीकडे एकदा बघितलं. "म्हंजे मधी काय हाय ते कुनालाच ठाव नाय."

"नाही."

"हे आधीच सांगायचं व्हतंस बाय," ते म्हणाले, आणि कागद माझ्याकडे परत दिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

वाडी अर्धी उठली, अर्धी नाही. ताई त्याच दिवशी निघाली. सासू-सासऱ्यांशी भांडून, भावजींना शिफ्टवरून बोलावून घेऊन, टेम्पो आणून. भांडी, गाद्या, देव, शिलाई मशीन, सगळं काढलं. मी आपली मधे मधे करत होते, तिनं मला बाजूला बसवलं. दोन पिंपं लाल माती मागच्या दारात तशीच राहिली. शेडमध्ये सासऱ्यांना सोसणार नाही म्हणून तिनं रोह्याला भाड्यानं खोली घेतली. जे उठले नाहीत ते ती निघताना तिला म्हणाले, "बहिणीचं ऐकून घर सोडतेस? बघ, गणपतीला परत येशील." पुढे वरून हुकूम आला आणि उरलेले हलले, पण तोवर अर्धा आषाढ सरला होता. ते दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. फोन वाजला की मी उचलायच्या आधी देवाचं नाव घ्यायची, आणि मी देवाचं फारसं करणारी नव्हे.

डोंगर पडला नाही.

दिवाळीत निम्मी घरं परत गेली. पुढच्या वर्षी पुन्हा बोअर मारायचं ठरलं होतं, ते अजून ठरलेलंच आहे. पुढच्या पावसातही डोंगर पडला नाही. आता लोक मला तोंडावर बोलत नाहीत एवढंच. कोलाडकडे जाताना गाडी खांबच्या पुढे आली की डाव्या हाताला तो दिसतो, हिरवागार, जागच्या जागी. आणि एकदा, गेल्या श्रावणात, त्याच्याकडे बघताना माझ्या मनात आलं, थोडा तरी खचावा. माणसं नसताना, एखादा कोपरा तरी. म्हणजे मी खोटी ठरणार नाही. हे मनात आलं आणि मला स्वतःचीच अशी भीती वाटली की मी गाडीची काच लावून घेतली नि डोळे मिटून बसले. त्या पायथ्याशी तेव्हा सोळा घरांत चुली पेटत होत्या.

हे मी ताईला सांगितलं. तिच्या रोह्याच्या खोलीत, ती भाकऱ्या थापत असताना. मला वाटलं ती हाकलून देईल. ती म्हणाली, "येतं गो मनात. तेवढ्यानं डोंगर पडत नाय."

मग मी तिला विचारलं, इतके दिवस विचारलं नव्हतं ते. सगळे नाही म्हणत असताना तू कशाला निघालीस? घरात भांडणं घेतलीस, अजून सासू बोलत नाही तुझ्याशी. तुला तर तो कागद कळलाही नव्हता.

"कागदाचं काय घेऊन बसलीस," ताई म्हणाली. भाकरी तव्यावर टाकून तिनं हात धुतले. "तुझं तोंड बघितलं ना मी. लहानपणापासून तुझं घाबरणं मला ठाव हाय. पालीला घाबरतेस ते वेगळं. हे वेगळं व्हतं. ते तुझं मशीन काय घाबरत नाय, त्याला वाटेल ते भरून मोकळं. तू घाबरलीस म्हणून मी निघाले. आधीच्या वेळी तू नव्हतीस घाबरली, म्हणून मी ऱ्हायले."

तिनं भाकरी उलटली, मला दुधातली हवी की कालवणातली विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं.

आधीच्या वेळीही मी घाबरले होते. सही करायच्या दिवशी, सतराव्या मीटरखालच्या त्या भरलेल्या काळ्या तुकड्यावर माझं बोट थांबलं होतं, आणि पोटात असाच गोळा आला होता. नेहमीचाच आपला भित्रेपणा, असं स्वतःला म्हणून मी पट्टी पुढे सरकवली. हे ताईला मी अजून सांगितलेलं नाही.